मूस की मायक्रेस?
धातूतल्या कणांची वाढ किंवा डेंड्राइटच्या (धातू गोठताना झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) फांद्या फेज-फील्डने, म्हणजे कणांमधली सीमा धूसर पट्टा धरून संगणकावर गणित करण्याच्या पद्धतीने पाहायच्या, तर मूस (MOOSE) आणि मायक्रेस (MICRESS) ही दोन सॉफ्टवेअरची नावं समोर येतात. मायक्रेस आखेनच्या अ‍ॅक्सेस संस्थेचं. परवाना विकत घ्यावा लागतो. पण ते थर्मो-कॅल्क या मिश्रधातूंच्या ऊष्मागतिकी सॉफ्टवेअरला जोडता येतं, म्हणून बहुघटकी पोलादाचं घनीभवन असेल तर मी तेच घेईन.

मूस आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीचं, मुक्तस्रोत. यात अ‍ॅलन-कान समीकरणाला (कणसीमा कशी सरकते ते यातून कळतं) ताण, उष्णतावहन हवं तसं जोडता येतं. अ‍ॅडॅप्टिव्हिटी (गणिताची जाळी गरजेप्रमाणे आपोआप बदलण्याची सोय) चालू केली की कणसीमेपाशी जाळी बारीक होते, कणाच्या पोटात जाडच राहते. केवढा वेळ वाचतो! मात्र सीमेच्या रुंदीत जाळीचे चार-पाच तुकडे (एलिमेंट) बसलेच पाहिजेत. नाहीतर सीमा जाळीत अडकते आणि कण वाढायचेच थांबतात. मुक्त ऊर्जेचं (पदार्थाची कोणती अवस्था स्थिर ते ठरवणाऱ्या ऊर्जेचं) सूत्रही बहुधा स्वतःच लिहावं लागतं. नवं मॉडेल तपासायचं असेल, तर एवढा खटाटोप जरूर करा.