टर्मिनल स्ट्रिपचा लेआउट आणि तक्ता: ऑटोकॅड इलेक्ट्रिकल, ईप्लॅन, की एक्सेलवरच भागवायचं?

कुंडई, वेर्णे, बेतोडे, पिळर्ण, गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पॅनेल शॉप, म्हणजे विजेची कंट्रोल पॅनेल बनवणारा कारखाना, चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. सर्किट साध्या ऑटोकॅडमध्ये निघतं, टर्मिनलचा तक्ता, म्हणजे वायरी जोडायच्या ठोकळ्यांच्या ओळीत (टर्मिनल स्ट्रिपमध्ये) कुठली वायर कुठं जाते त्याची यादी, एक्सेलमध्ये होतो, सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग एखाद्या औषध कंपनीसारखा ग्राहक टर्मिनल डायग्राम सॉफ्टवेअरमधूनच काढलेला मागतो आणि चौकशी सुरू होते. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्ट्रिपचं चित्र किती देखणं येतं ते पाहून सॉफ्टवेअर घेऊ नका. साइटवर एक वायर वाढली तर किती ठिकाणी हात लावावा लागतो, ते पाहून घ्या.

एक्सेलपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं काम आज तिथंच आहे. एका पंपाचं स्टार्टर पॅनेल, पंचवीस-तीस टर्मिनल, एकच टीबी (टर्मिनल ब्लॉक, म्हणजे एकच स्ट्रिप), एवढंच काम असेल तर एक्सेल पुरतं. उगाच खर्चात पडू नका. पण समजा पंपहाऊसच्या पॅनेलला ऐनवेळी आणखी एक फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) आला. दोन वायर, दोन टर्मिनल. सर्किटमध्ये जोडा, लेआउटमध्ये स्ट्रिप सरकवा, तक्त्यात ओळी घाला, केबल शेड्यूल सुधारा, मार्करची (टर्मिनलवर बसणाऱ्या नंबरांची) यादी सुधारा. पाच ठिकाणं झाली. त्यातलं एक राहून गेलं तर ते कळतं कमिशनिंगच्या दिवशी, जेव्हा वायरमन भर जुलैच्या पावसात केबल हातात धरून विचारतो की ही कोअर, केबलमधली ही तार, नेमकी कुठं जोडू.

लेआउटच्या हिशेबातही एक्सेल मागं पडतं. २.५ चौरस मिमीचं नेहमीचं टर्मिनल ५.२ मिमी रुंद असतं. ४० टर्मिनलचे २०८ मिमी झाले. शेवटची एंड प्लेट २.२ मिमी आणि दोन्ही टोकांचे एंड क्लॅम्प साडेनऊ-साडेनऊ धरले की २२९.२. ग्राहकानं २० टक्के स्पेअर मागितले तर आणखी ८ टर्मिनल, म्हणजे २७०.८ मिमी. त्यात दहा टर्मिनल ४ चौरसची निघाली तर प्रत्येकी एक मिमी वाढला, कारण ती ६.२ मिमीची असतात. हे सगळं हातानं करता येतं, फक्त प्रत्येक बदलाला पुन्हा करावं लागतं. टर्मिनलं ज्या धातूच्या पट्टीवर बसतात त्या ३५ मिमीच्या डिन रेलचा तुकडा एकदा कापला की तो परत लांब होत नाही.

आता ऑटोकॅड इलेक्ट्रिकल. २०१९ च्या आवृत्तीपासून ते पूर्ण ऑटोकॅडच्या वर्गणीतच मिळतं, एलटी या छोट्या आवृत्तीच्या नाही. म्हणजे अनेकांनी त्याचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ते कधी उघडलेलंच नसतं. त्यातला टर्मिनल स्ट्रिप एडिटर अख्ख्या प्रोजेक्टमधली ड्रॉइंग वाचतो आणि एका टॅगची (स्ट्रिपच्या नावाची) सगळी टर्मिनलं एका खिडकीत ओळीनं मांडतो. तिथंच क्रम बदला, नंबर द्या, स्पेअर घाला, एंड प्लेट घाला, जंपर (शेजारची टर्मिनलं एकमेकांना जोडणारी पट्टी) टाका, दुमजली टर्मिनलचे मजले जोडा, कॅटलॉगमधला माल लावा. शेवटच्या टॅबमध्ये तीन प्रकार मिळतात: मापातलं चित्र, तक्ता आणि जंपरचा चार्ट. स्ट्रिप बऱ्याच असतील तर टेबल जनरेटर सगळ्यांचे तक्ते एका दमात काढून देतो आणि त्यासाठी नवी ड्रॉइंग फाइलही स्वतःच बनवतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवखे याच जागी अडखळतात आणि सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. तक्त्यात टर्मिनलची एक बाजू पॅनेलच्या आतली आणि दुसरी फील्डची असावी लागते. कुठलं टोक आत आणि कुठलं बाहेर, हे सॉफ्टवेअर आपण भरलेल्या लोकेशन कोडवरून ओळखतं. रिलेला ‘पॅनेल’ आणि फ्लोट स्विचला ‘फील्ड’ असा कोड दिला असेल, तर १४ नंबरच्या टर्मिनलला एका हाताला रिलेचं ए१ हे टोक आणि दुसऱ्या हाताला एलएस२ (फ्लोट स्विचचा टॅग) असं स्वच्छ येतं. कोड रिकामे सोडले तर टोकं इकडची तिकडं होतात आणि एकेक ओळ हातानं उलटवत बसावं लागतं. सर्किट काढतानाच कोड भरायची सवय लावली तर एडिटरमधलं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

याची कमजोर बाजूही आहे. सर्किट बदललं म्हणून लेआउट आणि तक्ता आपोआप बदलत नाहीत. एडिटर पुन्हा उघडून ते ताजे करून घ्यावे लागतात. शिवाय फाइल साध्या डीडब्ल्यूजी असल्यामुळे कुणीही उघडतं, आणि साध्या ऑटोकॅडवाल्यानं सिम्बॉल एक्स्प्लोड केला (सुट्या रेषांत फोडला) की त्यातली माहिती गेली. चित्र तसंच दिसतं, पण एडिटरच्या लेखी ते टर्मिनल उरलेलं नसतं.

ईप्लॅन हेही विजेच्या ड्रॉइंगचंच सॉफ्टवेअर, पण त्याचा विचारच वेगळा आहे. तिथं ड्रॉइंग ही डेटाबेसची एक खिडकी असते. प्रत्येक स्ट्रिपची व्याख्या नोंदवायची, टर्मिनलं नॅव्हिगेटरमधून ठेवायची. मग टर्मिनल डायग्राम, जोडणीचा तक्ता, केबलचा तक्ता हे सगळे रिपोर्ट म्हणून निघतात. बदल झाला की अख्ख्या प्रोजेक्टचे रिपोर्ट एका आज्ञेत अद्ययावत होतात. पान उघडताना किंवा छापताना ते आपोआप व्हावेत असंही ठरवता येतं. फ्लोट स्विच वाढवायचा तर सर्किटमध्ये एकदा जोडला, पार्ट लावला की तक्ते त्याच्या मागोमाग येतात. एका प्रोजेक्टमध्ये वीस-पंचवीस स्ट्रिप असतील तर ईप्लॅनला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो.

पण त्याची किंमत फक्त पैशांत मोजू नका, आणि पैसेही थोडे नाहीत. तक्त्याचा साचा तुमच्या ग्राहकाला हवा तसा बनवायला फॉर्म एडिटर शिकावा लागतो. पार्टचा डेटा नीट हवा. परदेशी मोठ्या मेकचा डेटा तयार मिळतो. पण आपल्याकडे सर्रास कनेक्टवेल किंवा एल्मेक्सची टर्मिनलं बसतात, आणि तो माल तुमच्या डेटाबेसमध्ये नसेल तर रुंदी, जोडणीची टोकं, अ‍ॅक्सेसरी हे सगळं बसून भरायला लागतं. हे ऑटोकॅड इलेक्ट्रिकललाही लागू आहे, तिथं टर्मिनलचा फूटप्रिंटही (लेआउटसाठी मापातलं चित्र) करायला लागतो. थ्रीडी मांडणी हवी असेल तर ईप्लॅनचं प्रो पॅनेल वेगळं घ्यायचं. आणि ईप्लॅन शिकलेला डिझायनर गोव्यात टिकवणं हे एक वेगळंच काम आहे. हात बसला की तो पुणे-बंगळूरची वाट धरतो.

सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल मी फक्त त्यांनाच सुचवेन, जे मशीनचा सांगाडा आधीच सॉलिडवर्क्समध्ये करतात. बाकीच्यांना त्याचा खास फायदा नाही.

पैसेच नसतील तर क्यूइलेक्ट्रोटेक आहे. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. टर्मिनल ब्लॉक बनवणारं वेगळं प्लगइन त्याला जोडता येतं. मोठ्या पॅनेलला ते अपुरं पडेल, पण आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोराला ‘सर्किट आणि तक्ता एकाच फाइलमधून निघतात’ ही गोष्ट शिकवायला ते फार चांगलं आहे. टर्मिनल बनवणाऱ्या फिनिक्स कॉन्टॅक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि वागोच्या स्मार्ट डिझायनरमध्येही स्ट्रिप मापात उभी राहते, मालाची यादी निघते, मार्कर छापायची सोय मिळते. मात्र ती त्या त्या मेकभोवती फिरतात, आणि वायर कुठून कुठं गेली हे त्यांना सर्किटकडूनच कळावं लागतं.

मग कुणी काय घ्यावं? पंप, एएमएफ (वीज गेली की जनरेटर आपोआप चालू करणारं पॅनेल), छोटी एमसीसी (मोटरींचं कंट्रोल पॅनेल) अशी कामं असतील आणि पूर्ण ऑटोकॅडची वर्गणी चालू असेल, तर नवीन काही विकत घेऊ नका. आहे तेच इलेक्ट्रिकल टूलसेट उघडा आणि लोकेशन कोडपासून सुरुवात करा. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांची किंवा परदेशी मशीन उत्पादकांची कामं नियमित येणार असतील, आणि ते ईप्लॅनचा मूळ प्रोजेक्टच मागत असतील, तर ईप्लॅन घ्या. पण शिकायला आणि पार्ट भरायला एक अख्खा हंगाम धरून घ्या. एखाद्याच ग्राहकानं मागितलं म्हणून मात्र घेऊ नका. त्या एका कामापुरता बाहेरचा डिझायनर लावणं स्वस्त पडतं.

विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नका. त्याचं पॅनेल नेहमी सरळच असतं. ऑटोकॅडवालं ऑटोडेस्क चाचणी आवृत्ती देतं, ईप्लॅनच्या माणसाला आपल्या ऑफिसात बोलवा. दोघांपुढे तुमच्याच एखाद्या जुन्या पॅनेलची चाळीस टर्मिनलची स्ट्रिप ठेवा, जिच्यात २३० व्होल्ट आणि २४ व्होल्ट डीसी दोन्ही आहेत. ती पूर्ण झाली की १४ नंबरच्या पुढं दोन टर्मिनल घालायला सांगा, एक जंपर काढायला सांगा, आणि नवा तक्ता छापून तुमच्या वायरमनच्या हातात द्या.