कॅसँड्रावर प्रोमिथियस आणि ग्राफाना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर आम्ही पाच जण चालवतो. माप, फॅट आणि एसएनएफच्या (फॅट वगळून दुधातील घन पदार्थांच्या) नोंदी तीन नोडच्या, म्हणजे तीन सर्व्हरच्या, कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये जातात. त्यावर गेले आठ महिने, आकडे गोळा करणारा प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख काढणारा ग्राफाना यांच्या साहाय्याने आम्ही लक्ष ठेवत आहोत.

त्यापूर्वी आम्ही केवळ वाचनाला लागणाऱ्या वेळेची सरासरी पाहत होतो. ती ठीकच दिसत असताना राधानगरीकडच्या एका संस्थेचे सचिव रोज सकाळी सातच्या सुमारास फोन करून 'पावती निघंना झालीया, रांग दारापर्यंत आलीया' असे सांगत, आणि आम्ही मोबाइल नेटवर्कला दोष देऊन मोकळे होत होतो. ९९ व्या पर्सेंटाइलचा, म्हणजे शंभरातील ९९ वाचने ज्या वेळेच्या आत होतात त्या आकड्याचा, आलेख लावला, तेव्हा शंभरातील एखादे वाचन दीड सेकंदाच्याही पुढे जात असल्याचे दिसले.

खरा उपयोग झाला तो दोन आकडे शेजारी ठेवल्याने. विनंती स्वीकारणाऱ्या नोडला, म्हणजे कोऑर्डिनेटरला, उत्तर देईपर्यंत लागलेला वेळ कॅसँड्राची 'नोडटूल प्रॉक्सीहिस्टोग्राम्स' ही आज्ञा दाखवते, तर 'टेबलहिस्टोग्राम्स' ही आज्ञा त्या नोडने स्वतःच्या साठ्यातून वाचण्यास घेतलेला वेळ दाखवते. (दोन्ही आकडे मायक्रोसेकंदांत असतात; पहिल्या दिवशी आम्ही ते मिलिसेकंद समजून घाबरलो होतो.) पहिला आकडा मोठा असल्याने मोबाइल नेटवर्क निर्दोष ठरले, दुसराही तेवढाच मोठा निघाल्याने नोडमधील आपसातले नेटवर्कही सुटले. उरले ते आमचेच टेबल. प्रलंबित पावत्या त्यात टाकून, छपाई झाली की आम्ही पुसत होतो. कॅसँड्रा पुसलेली नोंद लगेच काढून टाकत नाही. तिच्या जागी टूम्बस्टोन, म्हणजे 'पुसली' अशी खूण, ठेवते आणि तो मूळ सेटिंगनुसार किमान ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस, राहतो. एक जिवंत पावती शोधण्यासाठी हजारो टूम्बस्टोन ओलांडले जात होते. संस्था आणि दिनांकानुसार टेबलचे वेगळे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडून पुसणेच बंद केल्यावर सकाळचे फोन थांबले.

बसवणी अवघड नाही. जेएमएक्स एक्स्पोर्टर, म्हणजे कॅसँड्राचे आकडे प्रोमिथियसला देणारा छोटा प्रोग्राम, कॅसँड्राला जावा एजंट म्हणून जोडला की आकडे येऊ लागतात. मात्र आम्ही केलेली एक चूक इतरांनी टाळावी: तिन्ही नोडच्या ९९ व्या पर्सेंटाइलची सरासरी काढून आम्ही एकच रेघ दाखवत होतो. पर्सेंटाइलची सरासरी गणितानेच चुकीची ठरते. आता तिघांतील सर्वाधिक आकडा दाखवतो.

प्रोमिथियस मूळ सेटिंगमध्ये १५ दिवसांचीच माहिती ठेवतो, हेही आम्हाला उशिरा कळले. आमच्याकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघत असल्याने मागच्या दोन-तीन बिलांच्या दिवशीचा ताण ताडून पाहता येत नव्हता. मुदत ९० दिवस केल्यावर ती अडचण गेली.

एक उणीव मात्र कायम आहे. कोणते टेबल संथ आहे हे आलेख सांगतो, पण कोणत्या संस्थेची विनंती अडकली हे सांगत नाही. ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी (वाचनाच्या विनंत्या) कॅसँड्रा डीबग लॉग या नोंदींच्या फाइलमध्ये नोंदवते खरी, परंतु त्यातून संस्थेचा कोड शोधण्यासाठी आम्हाला अजूनही तो लॉग हाताने चाळावा लागतो.