सातबारा खरा, खरेदीपत्र खरं, आणि घर मात्र ओपन स्पेसवर

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर या बाजूला एखाद्या छोट्या कॉलनीत घर बघत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. आम्हाला विकलेलं रो हाऊस कॉलनीच्या ओपन स्पेसवर, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर, बांधलेलं निघालं. खरेदीपत्र रजिस्टर आहे, सातबाऱ्याला आमचं नाव लागलंय, घरफाळ्याची पावती आणि लाईट बिल आमच्या नावावर येतं. एवढं सगळं असूनही ती जागा विकायचा अधिकार विकणाऱ्याला मुळात नव्हता. हे कसं केलं जातं ते मी सविस्तर लिहितेय, कारण एकेक कागद सुटा बघितला तर त्यात काहीच वावगं दिसत नाही.

आम्ही आधी शुक्रवार पेठेत भाड्यानं राहायचो. 2019 ला घरात पाणी आलं, 2021 ला पुन्हा आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला गेली की आमच्या गल्लीत कुणाला झोप नसायची. 43 ला धोका पातळी, पण सामान त्याच्या आधीच माळ्यावर चढवायला लागायचं. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, मुलं लहान. त्यामुळे घर घ्यायचं तर उंचावर, हे ठरलेलंच होतं. शहरात अशी कितीतरी कुटुंबं आहेत आणि एजंट लोकांना ते पक्कं ठाऊक आहे. आमच्या एजंटाचं पहिलं वाक्य होतं, "वहिनी, हितं पुराचं नावच काढू नका."

कॉलनी बघताक्षणी आवडली. एकराचा लेआउट, मधून एक रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरं. दारात उभं राहिलं की सगळी कॉलनी नजरेच्या टप्प्यात. किराणा दुकान पायी जाण्यासारखं, केएमटी बसचा थांबा जवळ, संध्याकाळी कळंबा तलावापर्यंत फिरून येता येतं. पिण्याच्या पाण्याची ओढाताण आहे, पण ती त्या भागात सगळीकडेच आहे. रस्त्याच्या पश्चिमेला नवीन चार रो हाऊस, प्रत्येकी एक गुंठ्यात. त्यातलं 19 नंबरचं आम्हाला 38 लाखांना सांगितलं.

आता कागदांचं. विकसकानं पाच गोष्टी दिल्या: सातबारा, बिगरशेती आदेशाची प्रत, मंजूर लेआउटची झेरॉक्स, त्याच्याच वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरफाळ्याचा) उतारा. सातबारा खरा होता. बिगरशेती आदेश खरा होता. सर्च रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गटावर बोजा नाही आणि जमीन मूळ मालकाच्या नावावर आहे. तेही खरंच होतं. खोटी होती फक्त झेरॉक्स.

ही गोम नीट समजून घ्या. शेतजमीन बिगरशेती झाली, लेआउट अंतिम मंजूर झाला, की भूमी अभिलेखकडून मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक व्हायला पाहिजे. त्याला सगळे कजाप म्हणतात. कजाप झालं की प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो, रस्ता आणि ओपन स्पेससुद्धा वेगळे दिसतात. आमच्या लेआउटमध्ये ते कधी केलंच नव्हतं. सगळ्या गटाचा एकच सामाईक सातबारा. त्यावर प्रत्येक प्लॉटधारकाचं नाव आणि पुढं त्याचं क्षेत्र. कोण कुठं आहे ते सातबारा सांगत नाही. आणि प्लॉट विकून जे क्षेत्र उरतं, म्हणजे रस्ते आणि ओपन स्पेस, ते मूळ मालकाच्याच नावावर पडून राहतं. तलाठ्याकडचा उतारा बघितला तर वाटतं, मालकाकडे विकायला जागा शिल्लक आहे. त्या शिल्लक क्षेत्रातूनच आम्हाला एक गुंठा दिला. फेरफार झाला, नाव लागलं, कुणी हरकत घेतली नाही.

हिशोब केला तर सगळं उघड होतं. एकर म्हणजे 40 गुंठे. एवढ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते, म्हणजे 4 गुंठे. आणि नवीन घरं चार, एकेका गुंठ्यात.

विकसकाला रेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचं, विचारलं तर म्हणाला, चार घरांना रेरा लागत नाही. यात तो खोटं बोलला नाही. जागा 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. 4 गुंठे म्हणजे साधारण 405 चौरस मीटर. लहान कामांना दिलेली ही सूट अशा लोकांना आयतीच सापडते.

कर्जासाठी आम्ही आधी राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज केला होता. बँकेच्या वकिलानं लेआउटची सहीशिक्क्याची नक्कल आणि कजाप मागितलं. हे विकसकाला कळवलं, तर दोनच दिवसांत एजंट घरी आला. "बँकवाले कागदावर कागद मागत बसत्यात, दादा. माझ्या वळखीची पतसंस्था हाय, आठवड्यात काम करून देतो." आमच्या यजमानांचा पीएफ, सासूबाईंचे गावाकडचे वाटणीचे पैसे, माझ्या बांगड्या आणि उरलेले 16 लाख पतसंस्थेचे, 13 टक्क्यांनी. बँक जो कागद मागते तो चुकवायला कुणी दुसरीकडचं कर्ज मिळवून देत असेल, तर व्यवहार तिथंच थांबवा. वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे.

पुढं कॉलनीतल्या लोकांनी बागेसाठी निधी मागितला आणि त्यासाठी ओपन स्पेसची सरकारी मोजणी लावली. विकसकानं त्यांना सांगितलं होतं की सुधारित लेआउट मंजूर झालाय आणि ओपन स्पेस मागच्या बाजूला गेलीय. असा सुधारित लेआउट कुठल्याही दप्तरात नाही. मोजणीदार रोव्हर (मोजणीचं यंत्र) घेऊन आला, त्यानं नकाशा उघडला आणि काठी सरळ आमच्या फाटकाच्या आत टेकवली. पहिली खूण तुळशीकट्ट्याजवळ, दुसरी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला. चुन्याची फक्की मारत तो चारही घरांच्या कडेनं फिरला. सगळी कॉलनी रस्त्यावर उभी होती. सासूबाई मला सारखं विचारत होत्या, "अगं, हे आपल्या घराला का मोजायलेत?"

त्या दिवशी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघितले. मंजूर नकाशात प्लॉट 1 ते 17. त्यापुढं आकडाच नाही. पश्चिमेची पट्टी हिरव्या रंगात, त्यावर ‘खुली जागा’ लिहिलेलं. आमच्या झेरॉक्सवर त्याच पट्टीत तीन रेघा मारून 18, 19, 20, 21 घातलेले. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हिरवा रंग गेला. नकाशाच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो, प्लॉटखाली किती, रस्त्याखाली किती, खुली जागा किती. झेरॉक्स काढताना तो कोपरा दुमडून ठेवला होता. गोल शिक्का मात्र व्यवस्थित उमटलेला. आता बघितलं तर 19 मधला 9 बाकीच्या नवांपेक्षा वेगळ्या हातचा आहे हेसुद्धा दिसतं.

समोरच्या काकूंनी त्यांचं 2011 चं खरेदीपत्र आणून दाखवलं. चतुःसीमेत, म्हणजे प्लॉटच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात, लिहिलं होतं, ‘पश्चिमेस रस्ता व त्यापलीकडे ओपन स्पेस’. आमच्या खरेदीपत्रात त्याच जागेला ‘प्लॉट नं. 19’ म्हटलंय. म्हणून सांगते, घर घ्यायच्या आधी समोरच्या, बाजूच्या जुन्या रहिवाशांकडं जा, ओळख काढा, चहा घ्या आणि त्यांच्या खरेदीपत्रातली चतुःसीमा वाचायला मागा. विकणारा स्वतःचे कागद बदलू शकतो, दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याला करून दिलेला दस्त त्याला बदलता येत नाही. शेजारी दाखवत नसतील तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून जुन्या दस्तांची सूची 2, म्हणजे दस्ताचा गोषवारा, बघता येते.

लेआउटची नक्कल स्वतः अर्ज करून काढा, विकणाऱ्याच्या हातून घेऊ नका. 2017 ला शहराभोवतालच्या 42 गावांसाठी बांधकाम परवानग्या देणारं प्राधिकरण झालं. त्याआधीच्या मंजुऱ्या जुन्या महसूल आणि नगररचनेच्या दप्तरात शोधाव्या लागतात. खेपा होतात, पण नक्कल मिळते. ‘कजाप नंतर करून देतो’ हे वाक्य मान्य करू नका. घरफाळा आणि लाईट बिलावर विसंबू नका, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. रजिस्टर ऑफिस दस्त नोंदवतं, मालकीची हमी देत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनाम आणि भोगवटादार वर्ग 2 च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनी बऱ्याच आहेत, त्यामुळे सातबाऱ्याचा वरचा भाग आणि इतर हक्काचा रकाना वकिलाकडून वाचून घ्या. वकील तुमचा पाहिजे.

आम्हा चारही घरांना अनधिकृत बांधकामाची नोटीस आली आहे. सुरुवातीला कॉलनीतले लोक आमच्याशी बोलत नव्हते आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता, त्यांच्या मुलांची बाग गेली. पण काकूंनीच सगळ्यांना एकत्र बसवलं. आता चार घरं आणि प्लॉटधारक यांनी मिळून फसवणूक आणि बनावट कागदाची तक्रार दिली आहे. पोलिसांनी आधी "ही दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं. दोन्ही नकाशे जोडून लेखी अर्ज दिल्यावर दाखल करून घेतला. पैसे परत मिळवण्याचा दावा वेगळा आहे. फसवणुकीनं झालेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, ती जाऊ देऊ नका.

पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला जातोच आहे. दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. त्याच विकसकानं करवीर तालुक्यात आणखी लेआउट पाडलेत आणि तिथंही सामाईक सातबाऱ्यावरच विक्री झाली आहे. तुमचं घर किंवा प्लॉट अशा लेआउटमध्ये असेल तर आधी मंजूर नकाशाची नक्कल काढून तुमचा नंबर त्यात आहे का बघा. नसेल तर खरेदीपत्र, ती नक्कल आणि तुम्हाला दिलेली झेरॉक्स घेऊन पोलिसांत लेखी तक्रार द्या. तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलंय की दुसऱ्या लेआउटमधले तक्रारदार पुढं आले तर हा प्रकार ठरवून केलेला आहे हे दाखवणं सोपं जाईल.