वर्ष होत आलं, वर्धापनदिनाचं सॉस काही संपेना

ठाण्यात वाघबीळला राहते. घराजवळ एका स्वस्त किराणा साखळीचं दुकान निघालं, तेव्हापासून महिन्याचं सामान तिथूनच येतं. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

पहिली भेट त्यांच्या वर्धापनदिनाच्या सेलमध्ये झाली. फुगे, माइकवरचा मुलगा, 'दोन घ्या, एक फुकट'. मी मोहरीच्या सॉसच्या तीन बाटल्या उचलल्या. आमच्या घरात मोहरी फोडणीतच जाते!

डाळ, साखर, साबण मात्र खरोखर स्वस्त. 2002 साली पवईत पहिलं डीमार्ट निघालं आणि आपल्याकडे हे गणित रुजलं: जागा शक्यतो मालकीची, पुरवठादारांचे पैसे लवकर, माल मोजका, थाटमाट नाही. आमचं दुकान दुसऱ्यांचं, पण चाल तीच. पोहे तीनच प्रकारचे मिळतात. मला चालतं, सासूबाईंना नाही. त्यांचे पातळ पोहे अजून नाक्यावरच्या वाण्याकडूनच.

तेलात मी दोन महिने फसले. 139 रुपयांची पिशवी 146 वालीपेक्षा स्वस्त समजून आणत होते. एकदा चष्मा लावून पाहिलं, तर पहिलीत 850 ग्रॅम, दुसरीत 910. म्हणजे 100 ग्रॅमला 16 रुपये 35 पैसे आणि 16 रुपये 4 पैसे. फरक चिमूटभरच, पण 'स्वस्त'ची पाटी महागड्या पिशवीखाली होती! पाकिटावर प्रति ग्रॅम भाव छापलेला असतो, अक्षर मुंगीएवढं.

खरा वैताग सप्टेंबर 2025 मधला. 22 तारखेपासून साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला. रॅकवर 178 ची नवी पाटी, बिलात जुने 200. मी पाटीचा फोटो काढून आणला होता. काउंटरवरच्या मुलीने सुपरवायझरला बोलावलं, तो येईपर्यंत मागची रांग माझ्याकडे अशी बघत होती की मीच चोरी केली. 22 रुपये परत मिळाले, सॉरी नाही. चूक त्या मुलीची नव्हतीच, तिच्यासमोर कॉम्प्युटर सांगेल तेच.

आता मी महिन्याच्या मधल्या आठवड्यात, दुपारी जाते. मेट्रोच्या कामामुळे संध्याकाळी घोडबंदर रोडला रिक्षात बसून राहिलं तर वाचलेले पैसे मीटरच खातो. यादी सासूबाई लिहितात, तिच्याबाहेर एकच वस्तू घ्यायची मुभा.

वर्धापनदिन पुन्हा येतोय, पत्रक दाराला अडकवून गेलेत. सॉसच्या दोन बाटल्या अजून सीलबंद आहेत. कोणाला हव्या असतील तर सांगा, एक्स्पायरीला तीन महिने आहेत.