एका डोळ्यात चुना गेलाय : पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्यात की थेट डोळ्यावर?

चुन्याची पुडी फुटली किंवा कारखान्यात ॲसिड उडालं की पुण्यातले नातेवाईक आधी नेत्रपेढीत नंबर लावायला धावतात. पण बुबुळाच्या कडेच्या मूळपेशीच (स्टेम सेल) जळाल्या असतील तर नुसता कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बसवून भागत नाही. त्याचा वरचा थर सतत झिजतो, नवा तयार करणारं कुणी उरलेलं नसतं आणि पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या आत घुसतात. आधी मूळपेशी, कॉर्निया मागाहून. तोही लागलाच तर.

दुसरा डोळा धड असेल तर त्याच्या कडेचा छोटासा तुकडा काढतात. पुढे दोन वाटा.

क्लेट : तुकडा प्रयोगशाळेत वाढवायचा आणि साधारण दोन आठवड्यांनी तयार थर डोळ्यावर लावायचा. लावण्याआधी पेशी तपासता येतात, हा याचा खरा फायदा. 112 रुग्णांच्या 2010 च्या इटालियन अभ्यासात वाढवलेल्या पेशींत अस्सल मूळपेशींचं प्रमाण 3 टक्क्यांहून जास्त होतं तिथे 78 टक्के यश आलं, त्याखाली फक्त 11. पण सुसज्ज प्रयोगशाळा हवी, ऑपरेशन दोनदा, शिवाय तयार माल नाशवंत : युरोपात 2015 मध्ये मंजूर झालेल्या होलोक्लार या अशाच तयार थराची मुदत 36 तास.

स्लेट : हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मांडलेली पद्धत. जखमी डोळ्यावरचा चिवट पडदा सोलून त्यावर गर्भजलाच्या पिशवीचा पातळ पापुद्रा अंथरतात. निरोगी तुकड्याचे आठ-दहा कण करून, मधला भाग मोकळा सोडून, मावळात भाताची रोपं लावतात तसे अंतराअंतरावर गोलाकार बसवतात. फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) गोंद, वर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी काँटॅक्ट लेन्स, झालं. पेशी डोळ्यावरच वाढतात.

इटालियन अभ्यासात एकूण 76.6 टक्के डोळे पूर्ण बरे झाले. स्लेटच्या 2016 च्या 125 रुग्णांच्या अहवालात यश 76 टक्के. अभ्यास वेगवेगळे, त्यामुळे दशांशावरून भांडू नये. पण निकाल एवढे जवळ असताना दुप्पट खटाटोप कशाला? माझं मत स्लेटला. पेशंट लहान मूल असेल तर नक्कीच, कारण पूर्ण भूल एकदाच द्यावी लागते.

दोन्ही डोळे गेले असतील तर हा हिशेब लागू नाही. मग नातेवाइकाच्या पेशी आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, किंवा रुग्णाच्याच गालाच्या आतल्या अस्तरातून वाढवलेला थर.

‘ऑपरेशन नको, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. आणि सर्जनना तारीख विचारण्याआधी पापणी चिकटली आहे का, अश्रू पुरेसे येतात का, लाली शमली आहे का, हे विचारा. कोरड्या, धुमसत्या डोळ्यात दोन्ही पद्धती वाया जातात.