ईएक्सटी४ की बीटीआरएफएस: दुकानातल्या लिनक्सला काय द्यावं?

ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या दोन फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धती. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये बिलिंगचा जुना पीसी असतो आणि वीज गेली की तोही जातो. तिथं माझं उत्तर ठरलेलं आहे: ईएक्सटी४. २००८ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्थिर ठरली, जुन्या हार्ड डिस्कवरही हलकी चालते आणि वीज परत आल्यावर जर्नलमुळे, म्हणजे बदल करण्याआधी ठेवलेल्या नोंदीमुळे, तिची रचना सहसा लगेच सावरते. सेव्ह न केलेलं बिल मात्र जर्नल परत आणत नाही, त्याला यूपीएसच हवा.

राजारामपुरीतल्या फोटो स्टुडिओचं गणित वेगळं. लग्नाचे फोटो वर्षानुवर्षं डिस्कवर पडून असतात. त्यातला एखादा बिट गुपचूप बदलला तर ईएक्सटी४ला कळतच नाही, कारण ती फाइलमधल्या डेटाचा चेकसम, म्हणजे डेटा बदलला का ते ताडून पाहायचा आकडा, ठेवत नाही. बीटीआरएफएस ठेवते. स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडणं, चालवला की बिघाड सापडतो आणि दोन डिस्कवर रेड १ (दोन्हींवर एकेक प्रत) असेल तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही होतो. एकच डिस्क असेल तर नुकसान नुसतं कळतं. म्हणून स्टुडिओवाल्यांना मी दुसरी डिस्क घ्यायलाच लावतो. रेड ५ आणि ६ (अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवायच्या पद्धती) यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, बीटीआरएफएसमध्ये ते अजून भरवशाचे नाहीत.

बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या घडीची नोंद, क्षणात निघतो, पण तो त्याच डिस्कवर राहतो; डिस्क बुडाली की तोही गेला. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. म्हणून फोटोंची एक प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन गावाबाहेर, उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. त्या यूएसबी डिस्कला ईएक्सटी४ पुरेशी आहे.