कोल्हापूर ते गुरुग्राम: पाळीव प्राण्यांना गाडीने नेण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

यजमानांची बदली गुरुग्रामला झाली, घरातले सामान ट्रकने पुढे गेले आणि राजारामपुरीतल्या रिकाम्या घरात मी, सासूबाई, खंड्या नावाचा कारवानी जातीचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर एवढेच मागे राहिलो. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम श्रेणीचा कूपे पूर्ण आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागते. उंच, लांब पायांचा आणि फटाक्याच्या आवाजानेही थरथरणारा कारवानी त्या पेटीत एवढा लांबचा प्रवास काढू शकेल, असे आम्हांला वाटले नाही. म्हणून गाडीने जायचे ठरले. कोल्हापूर आणि गुरुग्राम ही दोन्ही गावे राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच आहेत, परंतु मधले अंतर सोळाशे किलोमीटरच्या पुढे जाते, आणि स्थानिक गाडीवाले परतीचे रिकामे किलोमीटर, चालकाचा भत्ता आणि टोल धरून साठ हजारांच्या आसपास भाडे सांगत होते. ते अवाजवी नव्हते, हे आता कळते.

पाळीव प्राण्यांची वाहतूक करणाऱ्या काही संकेतस्थळांवर मी चौकशीचा अर्ज भरला आणि त्याच संध्याकाळी एका गृहस्थाचा फोन आला. तो स्वच्छ मराठी बोलत होता, मला ‘ताई’ म्हणत होता, आणि खंड्याचे वय, वजन, गाडीत उलटी होते का, मांजर पिंजऱ्यात बसते का, असे प्रश्न इतक्या आस्थेने विचारत होता की भाड्याचा विषय बराच उशिरा निघाला. दिल्लीची एक गाडी बेंगळुरूला प्रवासी सोडून रिकामी परत निघणार आहे, वाटेत कोल्हापूर लागतेच, त्यामुळे चौतीस हजारांत काम होईल, असे त्याने सांगितले. ही गोष्ट बनावट असली तरी अशक्य मुळीच नाही, आणि तिचे बळ नेमके त्यात होते. या महामार्गावर परतीचे भाडे शोधणाऱ्या गाड्या खरोखरच असतात आणि कोल्हापुरातल्या तावडे हॉटेलच्या चौकात उभे राहणाऱ्या कोणालाही ते माहीत असते.

नऊ हजार पाचशे रुपये आगाऊ दिल्यावर गाडीचे छायाचित्र आणि चालकाचा क्रमांक आला. पाठोपाठ ‘प्राणी प्रवास विम्याचे’ सहा हजार पाचशे मागण्यात आले, जे प्रवास सुखरूप झाल्यावर परत मिळणार होते. (प्रवास सुखरूप झाला म्हणून हप्ता परत करणारी विमा कंपनी मी तरी पाहिलेली नाही.) नंतर आले ‘क्वारंटाईन ना-हरकत प्रमाणपत्र’: दहा हजार रुपये अनामत आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण अकरा हजार आठशे. सनदी लेखापाल असलेल्या माझ्या भाच्याने ती पावती नंतर पाहिली आणि दोन गोष्टी लगेच दाखवल्या. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागतच नाही. आणि पावतीवर पत्ता दिल्लीचा असूनही जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ या अंकांनी होत होती, जो महाराष्ट्राचा संकेतांक आहे. दिल्लीचा ०७ आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर तो भलत्याच जिल्ह्यातल्या फरशीविक्रेत्याच्या नावावर निघाला, म्हणजे क्रमांक खरा होता, पण चोरलेला. शिवाय तिन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर गेले होते आणि पैसे पाठवण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर दिसलेल्या नावांत कंपनीचे नाव एकदाही नव्हते. विचारल्यावर ‘ते आमचे हिशेबनीस’ असे उत्तर मिळत असे.

निघायच्या दिवशी पहाटे चालक म्हणवणाऱ्याचा फोन आला. गाडी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी टोलनाक्यावर अडवली आहे, प्राणी आणायला निघालेल्या वाहनाकडे ‘आंतरराज्य प्राणी परवाना’ नाही, अधिकारी चौदा हजार दोनशे मागत आहेत, अर्ध्या तासात भरले नाहीत तर गाडी जप्त होईल, असे तो सांगत होता. मागून वाहनांचे आणि कोणीतरी कन्नडमध्ये दरडावत असल्याचे आवाज येत होते. आमच्या दृष्टीने सुदैव एवढेच, की कोगनोळी कोल्हापूरकरांना परकी नाही. माझे दीर कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि रात्रपाळी संपवून नुकतेच बाहेर पडले होते. ते मोटारसायकलने थेट नाक्यावर गेले. छायाचित्रातली गाडी दोन्ही बाजूंच्या रांगांत नव्हती, नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांनी अशी कोणतीही गाडी थांबवलेली नव्हती, आणि कुत्र्याच्या परवान्याचा विषय ऐकून ते हसले. मी चालकाला सांगितले की आमचा माणूस नाक्यावरच उभा आहे, तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते सांगा. क्षणभर शांतता पसरली आणि मग उत्तर आले की गाडी निपाणीच्या पोलीस ठाण्यात हलवली आहे. दीर म्हणाले, “वहिनी, मी निपाणीलाही जाऊन येतो, पण तोपर्यंत ती बेळगावला पोहोचेल बघा.”

त्यांनी मला दुसरी एक खूण दाखवली, जी माझ्या लक्षात आलीच नसती. छायाचित्रातल्या गाडीची क्रमांकपाटी पांढरी होती. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि तिच्यावरची अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने फिरवणे हेच मुळात बेकायदेशीर आहे.

पैसे देण्यास नकार दिल्यावर ‘ताई’ हा शब्द नाहीसा झाला. तुम्ही प्राण्यांची नोंदणी करून ऐन वेळी वाहतूक नाकारली, हा क्रूरतेचा गुन्हा आहे, पन्नास हजार दंड होईल आणि पथक येऊन कुत्रा उचलून नेईल, असे संदेश येऊ लागले. त्यासोबत माझ्या आधार कार्डाची प्रत आणि खंड्याचे छायाचित्र चिकटवलेली एक खोटी नोटीसही होती; ही दोन्ही मी नोंदणीच्या वेळी त्यांना पाठवली होती. सासूबाईंनी ती नोटीस वाचून देवघरात दिवा लावला आणि खंड्याला माजघरात नेऊन दाराला आतून कडी घातली. त्यांची भीती खोटी नव्हती आणि या टोळीचा सगळा धंदा त्याच भीतीवर चालतो. सामान हरवेल या धास्तीने माणूस जेवढे पैसे देणार नाही, तेवढे तो आपल्या जनावराला कोणी नेईल या धास्तीने देतो.

कायदा मात्र वेगळेच सांगतो. पहिल्या गुन्ह्यासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये असलेला दंड आजही दहा ते पन्नास रुपयांचा आहे. तो इतका कमी असावा का, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे, पण पन्नास हजारांचा आकडा त्या कलमात कोठेही नाही. ज्या क्वारंटाईन यंत्रणेच्या नावाने आमच्याकडून पैसे घेतले गेले, तिचा संबंध परदेशातून येणाऱ्या आणि परदेशी जाणाऱ्या प्राण्यांशी येतो. कोल्हापूरहून हरियाणात जाणाऱ्या घरच्या कुत्र्याशी नाही. देशांतर्गत वाहतुकीसाठी १९७८ चे प्राणी वाहतूक नियम आहेत आणि त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सांगितले आहे, ज्यात जनावर प्रवासास योग्य आहे आणि त्याला रेबीजसह कोणत्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत असे लिहिलेले असते. प्रमाणपत्र नसेल तर वाहतूकदाराने जनावर स्वीकारू नये, असेही ते नियम सांगतात. आमच्या ‘कंपनी’ने शुल्कांची एवढी यादी लावली, पण हे एक प्रमाणपत्र कधीच मागितले नाही. आमच्या नेहमीच्या पशुवैद्यकांनी ते दोन्ही जनावरे तपासून दिले, लसीकरणाच्या पुस्तिकेत रेबीजच्या लसीची तारीख पाहिली आणि प्रवासाच्या आधी दोन-तीन तास पोटभर खायला घालू नका, पाणी मात्र देत राहा, असे बजावले.

धमक्यांनी काम होत नाही असे दिसल्यावर त्याच टोळीतल्या एका बाईचा फोन आला. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करून तिने सगळे पैसे परत करण्याची तयारी दाखवली आणि त्यासाठी एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. मी फोन ठेवला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

ही तक्रार करताना प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख आणि वेळ विचारली जाते, म्हणून संतापाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत किंवा समोरच्याला ब्लॉक करून संभाषण घालवू नये. मी सगळ्याची चित्रे आधीच काढून ठेवली होती, ती पोलीस ठाण्यातही उपयोगी पडली. तेथे फसवणुकीबाबतच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड चा उल्लेख असलेला अर्ज स्वीकारला गेला. पहिल्या दोन रकमा खात्यांतून केव्हाच पुढे गेल्या होत्या. तिसऱ्या रकमेपैकी सात हजार तीनशे रुपये एका खात्यात अडकवून ठेवता आले.

आम्ही शेवटी कागलच्या एका पिवळ्या पाटीच्या गाडीने, दिरांच्या ओळखीच्या चालकासोबत, साठ हजारांच्या आतबाहेर भाडे देऊनच गेलो. खंड्याला मागच्या आसनावर हार्नेसने बांधले होते, मनी पिंजऱ्यात होती, आणि दुपारच्या उन्हात जेवायला थांबलो तेव्हा एकजण गाडीबाहेर जनावरांजवळ सावलीत बसत असे, कारण बंद गाडीत काही मिनिटांतच जीव घेणारी उष्णता साठते. किणी टोलनाक्यापासून गुजरात आणि राजस्थान ओलांडेपर्यंत प्राण्यांचा कोणताही कागद आम्हांला कोणीही विचारला नाही. अडकवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी आम्हांला न्यायालयात अर्ज करावा लागला. कोल्हापूरच्या वकिलांमार्फत तो अर्ज दाखल झाला असून त्याची सुनावणी अद्याप व्हायची आहे.